अंदाज बरोबर, तरीही दिवाळे

शेअर बाजारात पैसे लावणाऱ्या तरुणांकडून मला एक प्रश्न नेहमी ऐकू येतो. एखादा शेअर त्याच्या खऱ्या किमतीपेक्षा फार महाग झाला आहे अशी खात्री असेल, तर काय करावे? शेअर उसना घेऊन विकावा, म्हणजे शॉर्ट करावा, की त्याचा कॉल ऑप्शन विकावा? उत्तरासाठी मी त्यांना 2008 सालच्या जर्मनीत नेतो.

त्या वर्षी जगभर मंदीचे वातावरण होते, तरी फोक्सवॅगनचा भाव चढाच होता. तो टिकणार नाही असे मानून अनेक हेज फंडांनी शेअर उसने घेऊन विकले. दुसरीकडे काही बँकांनी पोर्शे कंपनीला फोक्सवॅगनचे कॉल ऑप्शन विकले होते. भाव वाढला तर फरकाची रक्कम पोर्शेला द्यायची, असा तो करार. त्याबद्दल बँकांना प्रीमियम मिळे आणि जोखीम झाकण्यासाठी त्या शेअर घेऊन ठेवत.

रविवारी, 26 ऑक्टोबरला पोर्शेने जाहीर केले की 42.6 टक्के शेअर आपल्याकडे आहेत आणि आणखी 31.5 टक्क्यांचे ऑप्शन आहेत. लोअर सॅक्सनी राज्याकडे 20 टक्के होतेच. बाजारात उरले जेमतेम 6 टक्के, आणि उसने घेऊन विकलेले शेअर त्याहून जास्त! परतफेडीसाठी सगळे एकदम खरेदीला धावले. शुक्रवारी 210 युरोच्या आसपास असलेला भाव मंगळवारी 1000 च्या वर गेला. कर्जात अडकलेले उद्योगपती आडोल्फ मेर्कले यांनाही या शेअरमध्ये मोठा फटका बसला. जानेवारी 2009 मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

शॉर्ट करणाऱ्यांचा अंदाज मात्र खोटा नव्हता. वर्षभरात भाव जुन्या पातळीच्याही खाली आला. तोवर ते बाजारातून बाहेर फेकले गेले होते.

ऑप्शन विकणाऱ्या बँकांना ऑप्शनवर द्यावे लागणारे पैसे जवळच्या शेअरवर मिळत होते. पण म्हणून कॉल विकणे सुरक्षित आहे, असे समजू नये. शेअर जवळ नसेल तर इथेही तोट्याला मर्यादा नाही, नफा मात्र प्रीमियमएवढाच. शॉर्ट करणाऱ्याला निदान पूर्ण घसरणीचा फायदा मिळतो, पण उसनवारी किती दिवस निभेल हे त्याच्या हाती नसते.

म्हणून मी त्या तरुणांना उलट विचारतो: तुमचा अंदाज खरा ठरेपर्यंत तग धरण्याइतके तुमच्याजवळ काय आहे?