बान्या लुकाची फेरहादिया मशीद

बोस्निया-हर्झगोव्हिना या देशाच्या वायव्य भागात, व्हर्बास नदीच्या तीरावर वसलेल्या बान्या लुका शहरातील फेरहादिया मशीद ही बाल्कन प्रदेशातील ऑटोमन स्थापत्याच्या उत्कृष्ट नमुन्यांपैकी एक मानली जाते. इ. स. १५७९ मध्ये, म्हणजे हिजरी सन ९८७ मध्ये तिची उभारणी झाली. आज त्या जागी दिसणारी वास्तू मात्र २०१६ साली पुन्हा खुली झालेली आहे. मूळ मशीद ७ मे १९९३ रोजी सुरुंग लावून उद्ध्वस्त करण्यात आली होती.

मशिदीचा संस्थापक फेरहाद पाशा सोकोलोविच हा ऑटोमन साम्राज्याचा मातब्बर वजीर सोकुल्लू मेहमेद पाशा याच्या घराण्यातला. हे घराणे मूळचे बोस्नियातील. बोस्नियाचा कारभार पाहत असताना फेरहादने बान्या लुका हे आपले ठाणे केले आणि १५८० मध्ये बोस्नियाला स्वतंत्र सुभ्याचा दर्जा मिळाला, तेव्हा तो तिथला पहिला सुभेदार झाला. सीमेवरील एका लष्करी ठाण्याचे बाजारपेठा, पूल, स्नानगृहे आणि पाणीपुरवठा असलेल्या शहरात रूपांतर करण्याचे श्रेय त्याला दिले जाते. या सर्व बांधकामांच्या केंद्रस्थानी त्याची मशीद होती.

मशिदीसाठी पैसा कोठून आला, याविषयीची कथा त्या काळाच्या सीमायुद्धांवर प्रकाश टाकणारी आहे. १५७५ मध्ये फेरहादच्या फौजेने हॅब्सबर्ग सीमेचा सेनापती हर्बर्ड फॉन आउएर्सपेर्ग याला लढाईत ठार केले आणि त्याच्या मुलाला कैद केले. मुलाच्या सुटकेसाठी आणि सेनापतीचे मस्तक परत मिळवण्यासाठी आउएर्सपेर्ग घराण्याने मोठी खंडणी मोजली. परंपरेनुसार ती रक्कम तीस हजार सुवर्णमुद्रांची होती आणि तीच या मशिदीच्या बांधकामी लागली.

वास्तुशिल्पी कोण, हे नाव इतिहासात नोंदलेले नाही. तथापि ऑटोमन दरबाराचा प्रमुख वास्तुविशारद मिमार सिनान त्या वेळी हयात होता आणि रचनेवरील त्याच्या परंपरेची छाप स्पष्ट असल्याने हे काम त्याच्या एखाद्या शिष्याचे असावे, असे अभ्यासक मानतात. राजधानीत शाही मशिदींवर अफाट खर्च होत असे. प्रांतातील अधिकाऱ्याला तेच वैभव आटोपशीर आकारात बसवावे लागे, आणि फेरहादियाचे खरे सौंदर्य या आटोपशीरपणातच होते. मशिदीची रुंदी सुमारे १८ मीटर, लांबी सुमारे १४ मीटर आणि मुख्य घुमटाची उंची पुन्हा सुमारे १८ मीटर. म्हणजे रुंदी आणि उंची जवळजवळ समान. शेजारचा एकुलता सडपातळ मिनार मात्र चाळीस मीटरांहून अधिक उंच. बसक्या, भरीव वास्तूला लागून उभी असलेली ही बारीक रेषा शहरात दुरूनच नजरेत भरत असे.

समोर दगडी खांबांवर तोललेली, तीन लहान घुमटांची ओसरी आहे. ती ओलांडून आत गेले की मुख्य घुमटाखालचे मोकळे दालन लागते. दख्खनेतील मशिदींत खांबांच्या रांगांनी विभागलेली प्रार्थनागृहे पाहण्याची सवय असलेल्यांना येथील फरक लगेच जाणवेल. येथे दालनाच्या मधोमध एकही खांब नाही. घुमटाचा भार कमानी आणि कोपऱ्यांतील वक्र त्रिकोणांमार्फत भिंतींवर उतरवला आहे. मक्केची दिशा दाखवणारी मेहराब ज्या भागात आहे तो भाग पुढे काढून त्यावर अर्धघुमट घातला आहे, तर दोन्ही बाजूंना लहान दालने जोडली आहेत. सारायेव्होतील गाझी हुस्रेव बेग मशिदीची (१५३१) मांडणी याच जातीची आहे. फेरहादिया ही तिची लहान पण प्रमाणबद्धतेत अधिक नेटकी बहीण म्हणता येईल.

आवारात कारंजे, कबरस्तान आणि मकबरे होते, तसेच मशिदीच्या परिसरात घड्याळाचा मनोराही होता. फेरहाद पाशाचा १५९० मध्ये बुडा येथे खून झाला आणि त्याचे दफन आपल्याच मशिदीच्या आवारात करण्यात आले. त्याच्याविषयी शहरात एक दंतकथा सांगितली जाते. इतकी सुंदर इमारत दुसरी होऊ नये म्हणून त्याने गवंड्यांना मिनारात कोंडले आणि देहदंड फर्मावला. पण त्यांनी पंख तयार केले आणि एका रात्री ते उडून गेले. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची आपल्याकडील गोष्ट याच कुळातली. दोन्हींना ऐतिहासिक आधार नाही, परंतु बोस्नियातील गवंडी निदान सुटले.

१९६९ च्या भूकंपाने बान्या लुकाची मोठी हानी केली. मशिदीलाही तडाखा बसला, पण तिची दुरुस्ती झाली. १९९२ ते १९९५ च्या युद्धात मात्र ती टिकली नाही. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. बान्या लुका रणभूमी नव्हते. शहर बोस्नियन सर्ब प्रशासनाच्या पूर्ण ताब्यात होते, तेथे तोफांचा मारा चालू नव्हता. फेरहादिया व जवळची अर्नाउदिया या दोन्ही मशिदी एकाच रात्री स्फोटांनी उडवण्यात आल्या आणि युद्धकाळात शहरातील इतर मशिदींचीही हीच गत झाली. त्याच वर्षी घड्याळाचा मनोराही पाडला गेला. ढिगारा शहराबाहेरच्या कचराभूमीत टाकून जागा सपाट करण्यात आली. मशिदींच्या या विध्वंसाची दखल पूर्वीच्या युगोस्लाव्हियासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने घेतली. त्या काळातील स्थानिक सर्ब नेता रादोस्लाव्ह ब्रजानिन याला २००४ मध्ये दोषी ठरवताना धार्मिक वास्तूंचा नाश हाही आरोपांचा भाग होता.

पुनर्बांधणीची परवानगी सहजासहजी मिळाली नाही. १९९९ मध्ये बोस्नियाच्या मानवाधिकार न्यायमंडळाने मुस्लिम समुदायाच्या बाजूने निर्णय दिला. ७ मे २००१ रोजी पायाभरणीचा समारंभ ठरला, तेव्हा सर्ब जमावाने निमंत्रितांवर हल्ला केला. परदेशी राजदूतांसह शेकडो लोक इस्लामी केंद्राच्या इमारतीत तासन् तास अडकून पडले, बसगाड्या जाळण्यात आल्या आणि जखमी झालेल्या एका वृद्धाचा पुढे मृत्यू झाला. अखेर जूनमध्ये कडक पोलीस बंदोबस्तात कोनशिला बसवण्यात आली.

त्यानंतरचे काम स्थापत्याच्या दृष्टीने सर्वाधिक लक्षवेधी आहे. सारायेव्होच्या वास्तुशास्त्र विभागातील तज्ज्ञांनी जुनी छायाचित्रे व मोजमापे आधाराला घेतली. कचराभूमीतून आणि इतर ठिकाणांहून मूळ दगडांचे तुकडे शोधून काढले गेले, त्यांची ओळख पटवून प्रत्येक तुकडा भिंतीत कोठे होता हे ठरवण्यात आले आणि शक्य तेथे तो त्याच जागी बसवण्यात आला. उरलेले दगड पारंपरिक पद्धतीने नव्याने घडवले गेले. नव्या काँक्रीटमध्ये हुबेहूब प्रतिकृती उभारणे स्वस्त आणि झटपट झाले असते. पण मग ती फेरहादिया राहिली नसती. हा आग्रह सोडला नाही म्हणूनच पायाभरणीपासून पूर्णत्वापर्यंत पंधरा वर्षे लागली.

याच शहरातील ऑर्थोडॉक्स कॅथेड्रलचा इतिहास येथे आठवल्याशिवाय राहत नाही. १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात त्याची हानी झाली आणि नंतर क्रोएशियन उस्ताशा राजवटीने ते पाडले. त्याचीही पुनर्बांधणी १९९३ मध्ये, म्हणजे मशीद उडवली गेली त्याच वर्षी, सुरू झाली.

७ मे २०१६ रोजी, विध्वंसाला बरोबर तेवीस वर्षे होत असताना, हजारो लोकांच्या उपस्थितीत फेरहादिया पुन्हा खुली झाली. तुर्कस्तानचे तत्कालीन पंतप्रधान अहमेत दावुतोग्लू समारंभाला हजर होते. पुनर्बांधणीला तुर्कस्तानचे अर्थसाहाय्यही लाभले होते. बोस्नियातील मुस्लिम समुदाय ७ मे हा दिवस 'मशिदींचा दिवस' म्हणून पाळतो. सुभ्याच्या दफ्तरदाराने १५९५ च्या सुमारास बांधलेली अर्नाउदिया मशीदही ७ मे २०२४ रोजी प्रार्थनेसाठी पुन्हा खुली करण्यात आली.