झिम्बाब्वेतील पाषाणशिल्प : नामकरणाचा प्रश्न

झिम्बाब्वेतील आधुनिक पाषाणशिल्पे ‘शोना शिल्पे’ म्हणून जगभर ओळखली जातात. पूर्वजांचे आत्मे आणि पशुपक्षी हे त्यांचे प्रमुख विषय होत. १९५७ मध्ये सॅलिसबरी (आजचे हरारे) येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय कलादालनाचे पहिले संचालक फ्रँक मॅकएवेन यांनी या कलेची मुळे शोना श्रद्धांत असल्याचे मांडले. तथापि १९६५ च्या एकतर्फी स्वातंत्र्यघोषणेनंतर लादलेल्या निर्बंधांमुळे तंबाखूचा व्यापार खालावला, तेव्हा मळेमालक टॉम ब्लोमफील्ड यांनी १९६६ मध्ये तेंगेनेंगे येथे शिल्पकारांची वसाहत उभारली. तेथील सर्पेंटाईन पाषाण घडविणाऱ्यांत मलावी, अंगोला व मोझांबिकमधून आलेले मजूरही होते. त्यांचे पूर्वज व लोककथा भिन्न होत्या. म्हणूनच एकाच समाजाचे नाव या स्थलांतरित श्रमिकांचा वारसा झाकून टाकते.