कक्षेतील उपग्रह सेवा

कक्षेतील उपग्रह सेवा म्हणजे अवकाशात भ्रमण करणाऱ्या कृत्रिम उपग्रहाजवळ दुसरे अवकाशयान पाठवून त्याची पाहणी करणे, त्याला इंधन पुरवणे, त्याची दुरुस्ती करणे, त्याची जागा बदलणे किंवा त्याला सुरक्षितपणे निवृत्त करणे या कामांचा समूह होय. ही कामे शुल्क आकारून खासगी कंपन्यांकडून केली जातात, तेव्हा तिला व्यावसायिक उपग्रह सेवा असे म्हणतात. २५ फेब्रुवारी २०२० रोजी एमईव्ही-१ हे अमेरिकी यान इंटेलसॅट-९०१ या दूरसंचार उपग्रहाला जोडले गेले. दोन व्यावसायिक यानांची कक्षेत झालेली ही पहिली जोडणी मानली जाते आणि तेथून या व्यवसायाचा प्रत्यक्ष आरंभ धरला जातो.

पार्श्वभूमी

विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असलेल्या भूस्थिर कक्षेत उपग्रहाची एक प्रदक्षिणा पृथ्वीच्या एका परिवलनाइतक्याच वेळात पूर्ण होते. त्यामुळे जमिनीवरून पाहता तो आकाशात एकाच जागी स्थिर दिसतो. दूरचित्रवाणी प्रक्षेपण, दूरसंचार आणि हवामान निरीक्षण यांसाठी ही कक्षा विशेष उपयोगी आहे. परंतु ही स्थिरता आपोआप टिकत नाही. सूर्य आणि चंद्र यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताच्या पातळीपासून कलू लागते. पृथ्वीचा आकार काटेकोर गोल नसल्याने तो पूर्व-पश्चिम दिशेनेही सरकतो. त्याला नेमून दिलेल्या जागी राखण्यासाठी छोटी इंजिने वेळोवेळी चालवावी लागतात आणि प्रत्येक वेळी थोडे इंधन खर्च होते.

भूस्थिर उपग्रहाचे नियोजित आयुष्य साधारणतः पंधरा वर्षांचे असते. ही मर्यादा पुष्कळदा यंत्रांच्या झिजेमुळे नव्हे, तर इंधनाच्या साठ्यामुळे पडते. सौरपंखे वीज देत असतात, संदेशवहनाची उपकरणे उत्तम चालत असतात, तरीही इंधन संपत आले म्हणून उपग्रह सेवेतून काढावा लागतो. उरलेल्या थोड्या इंधनाच्या बळावर तो सुमारे ३०० किलोमीटर वर ढकलला जातो. या वरच्या पट्ट्यास निवृत्ती कक्षा किंवा रूढ भाषेत स्मशान कक्षा म्हणतात. टाकी रिकामी झाली म्हणून चालती मोटार भंगारात काढावी, तसा हा प्रकार आहे. उपग्रह सेवेची कल्पना या अपव्ययातून उद्भवली.

इतिहास

मानवी हातांनी झालेली सेवा

आरंभीची उपग्रह सेवा अंतराळवीरांनी केली. एप्रिल १९८४मध्ये चॅलेंजर या अवकाश शटलमधील अंतराळवीरांनी सौर निरीक्षणाचा सोलर मॅक्स हा बिघडलेला उपग्रह पकडून दुरुस्त केला व पुन्हा कक्षेत सोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी शटलने पालापा बी-२ आणि वेस्टार-६ हे चुकीच्या कक्षेत अडकलेले दोन दूरसंचार उपग्रह पृथ्वीवर परत आणले. या उपग्रहांची भरपाई विमा कंपन्यांनी आधीच दिलेली असल्यामुळे त्यांची मालकी विमेकऱ्यांकडे गेली होती. अंतराळवीर डेल गार्डनर यांनी ‘विकणे आहे’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी हातात धरून काढलेले छायाचित्र त्या मोहिमेचे प्रतीक ठरले. दोन्ही उपग्रह दुरुस्त होऊन १९९०मध्ये पुन्हा अवकाशात गेले. अवकाशातील वस्तूला पुनर्विक्रीचे मूल्य असते, हे या घटनेने दाखवून दिले.

मे १९९२मध्ये एन्डेव्हर शटलच्या मोहिमेत तीन अंतराळवीरांनी एकाच वेळी यानाबाहेर जाऊन इंटेलसॅट-६०३ हा उपग्रह अक्षरशः हातांनी धरला आणि त्याला नवे रॉकेट इंजिन जोडून योग्य कक्षेकडे रवाना केले. हबल अवकाश दुर्बिणीची १९९३ ते २००९ या काळात पाच मोहिमांतून झालेली दुरुस्ती हे या परंपरेतील सर्वांत परिचित उदाहरण होय. मात्र शटल भूस्थिर कक्षेपर्यंत पोहोचू शकत नव्हते, आणि प्रत्येक फेरीचा खर्च व अंतराळवीरांच्या जिवाला असणारा धोका पाहता हा मार्ग व्यवसाय म्हणून परवडणारा नव्हता.

यंत्रांनी केलेली सेवा

जपानने १९९७मध्ये सोडलेल्या ईटीएस-७ या उपग्रहाने स्वयंचलित भेट, जोडणी आणि यांत्रिक हाताचा वापर यांचे प्रयोग केले. २००७मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने ऑर्बिटल एक्सप्रेस मोहिमेत एका यानातून दुसऱ्या यानात हायड्रॅझिन हे इंधन भरून दाखवले व एक विद्युतघट कक्षेतच बसवला. येथे दोन्ही याने एकमेकांसाठीच घडवलेली होती. अशा भेटीची कोणतीही पूर्वतयारी नसलेल्या जुन्या उपग्रहाला हात कसा लावायचा, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहिला.

एमईव्ही मोहिमा

या प्रश्नाचे पहिले व्यावसायिक उत्तर नॉर्थ्रॉप ग्रमन कंपनीची उपकंपनी असलेल्या स्पेसलॉजिस्टिक्सने दिले. तिचे मिशन एक्स्टेन्शन व्हेइकल, म्हणजेच आयुर्मान वाढवणारे यान, संक्षेपाने एमईव्ही म्हणून ओळखले जाते. हे यान ग्राहक उपग्रहाच्या टाकीत इंधन भरत नाही. ते त्याच्या पाठीला चिकटून राहते आणि स्वतःची इंजिने व स्वतःचे इंधन वापरून दोघांचीही दिशा व जागा सांभाळते.

जोडणीची युक्ती साधी पण चतुर आहे. बहुतेक भूस्थिर उपग्रहांच्या मागील बाजूस अंतिम कक्षेत पोहोचण्यासाठी वापरलेले एक मोठे इंजिन असते आणि त्याभोवती प्रक्षेपकाला बसवण्याचे कडे असते. एमईव्ही आपला दांडा त्या इंजिनाच्या नळकांड्यात घालते. दांड्याचे टोक आत गेल्यावर फुलते आणि अडकते. मग दांडा मागे ओढून कडे आपल्या तीन आधारांवर घट्ट दाबले जाते. कंपनीच्या म्हणण्यानुसार भूस्थिर कक्षेतील सुमारे ८० टक्के उपग्रहांना ही पद्धत लागू पडते.

एमईव्ही-१चे प्रक्षेपण ९ ऑक्टोबर २०१९ रोजी कझाकस्तानातील बैकानूर येथून झाले. इंटेलसॅट-९०१ हा उपग्रह २००१मध्ये सोडलेला होता व त्याने आपले नियोजित आयुष्य केव्हाच ओलांडले होते. जोडणी फसली तर शेजारच्या चालू उपग्रहांना धोका पोहोचू नये, म्हणून तो आधी निवृत्ती कक्षेत नेण्यात आला आणि तेथे जोडणी झाली. २ एप्रिल २०२० रोजी तो पश्चिम रेखांश २७.५ अंशावर पुन्हा सेवेत दाखल झाला. पाच वर्षांचा करार पूर्ण झाल्यावर एप्रिल २०२५मध्ये एमईव्ही-१ने त्याला निवृत्ती कक्षेत सोडले आणि स्वतः पुढील कामासाठी मोकळे झाले.

ऑगस्ट २०२०मध्ये सोडलेले एमईव्ही-२ हे यान १२ एप्रिल २०२१ रोजी इंटेलसॅट १०-०२ या उपग्रहाला जोडले गेले. हा उपग्रह त्या वेळी ग्राहकांना सेवा देत असल्यामुळे ही जोडणी थेट भूस्थिर कक्षेतच करण्यात आली.

अर्थकारण

नवा भूस्थिर दूरसंचार उपग्रह बांधणे, त्याचा विमा उतरवणे आणि तो सोडणे यांसाठी कोट्यवधी डॉलर एकदम गुंतवावे लागतात व तो सेवेत येईपर्यंत काही वर्षे जातात. त्याच्या तुलनेत आहे तोच उपग्रह आणखी पाच वर्षे भाडेतत्त्वावर चालवणे स्वस्त पडू शकते. यापेक्षा मोठा लाभ निर्णय पुढे ढकलण्याचा आहे. दूरचित्रवाणीची बाजारपेठ घटत असताना आणि कमी उंचीवरील उपग्रहसमूहांची स्पर्धा वाढत असताना पंधरा वर्षांसाठी पैसा अडकवण्याऐवजी काही काळ वाट पाहण्याची सोय या सेवेमुळे होते.

वेळेवर निवृत्त न होण्याचीही आता किंमत मोजावी लागते. डिश कंपनीच्या एकोस्टार-७ या उपग्रहाचे इंधन अपेक्षेपेक्षा लवकर संपले आणि तो ठरल्याप्रमाणे ३०० किलोमीटर वर न जाता सुमारे १२२ किलोमीटरवरच राहिला. याबद्दल ऑक्टोबर २०२३मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने कंपनीला दीड लाख डॉलर दंड केला. रक्कम अल्प असली तरी अवकाश कचऱ्यासंबंधी या नियामकाने केलेला हा पहिला दंड होता.

या क्षेत्राच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. लँडसॅट-७ या इंधनभरणीची सोय नसलेल्या उपग्रहात इंधन भरण्यासाठी आखलेली ओसॅम-१ मोहीम नासाने मार्च २०२४मध्ये रद्द केली. तांत्रिक अडचणी, वाढता खर्च आणि विलंब यांबरोबरच, पूर्वतयारी नसलेल्या उपग्रहांत इंधन भरण्याची दिशाच आता मागे पडत आहे, असे कारण देण्यात आले. म्हणून नव्या उपग्रहांवर प्रमाणित इंधनद्वार आधीपासूनच बसवावे, असा आग्रह वाढला आहे. ऑर्बिट फॅबसारख्या कंपन्या अशी द्वारे तयार करतात. येथे एक पेच आहे. सेवा देणारी याने नाहीत तोवर मालक इंधनद्वारासाठी खर्च करत नाहीत, आणि इंधनद्वारे नाहीत तोवर सेवेला पुरेसे ग्राहक मिळत नाहीत.

अवकाश कचऱ्याशी संबंध

१० फेब्रुवारी २००९ रोजी इरिडियम-३३ आणि निकामी झालेला रशियन उपग्रह कॉसमॉस-२२५१ यांची टक्कर होऊन हजारो तुकडे कक्षेत पसरले. मृत उपग्रह हटवणे हा त्यामुळे उपग्रह सेवेचाच एक भाग मानला जातो. ॲस्ट्रोस्केल या जपानी कंपनीचे फेब्रुवारी २०२४मध्ये सोडलेले अद्रास-जे हे यान एका जुन्या जपानी प्रक्षेपकाच्या टप्प्याजवळ सुमारे १५ मीटरपर्यंत जाऊन आले. चीनच्या शिजियान-२१ने जानेवारी २०२२मध्ये निकामी झालेला एक बेइदू उपग्रह ओढून भूस्थिर कक्षेबाहेर नेला. कचरा हटवण्याचे काम सर्वांच्या हिताचे असले तरी त्याचे पैसे कोणी द्यावेत हे ठरलेले नाही. आजवर हा भार मुख्यतः सरकारांनीच उचलला आहे.

कायदा आणि विश्वास

१९६७च्या बाह्य अवकाश करारानुसार अवकाशात सोडलेल्या वस्तूवर तिची नोंदणी करणाऱ्या राष्ट्राचाच अधिकार राहतो. उपग्रह मृत झाला तरी तो बेवारस ठरत नाही, म्हणून संमतीविना त्याला कोणीही हात लावू शकत नाही. खासगी कंपनीच्या अवकाशातील कृत्यांची आंतरराष्ट्रीय जबाबदारीही तिच्या राष्ट्रावर असते. १९७२च्या दायित्व करारानुसार कक्षेत झालेल्या हानीची भरपाई दोष सिद्ध झाल्यास द्यावी लागते.

अधिक नाजूक प्रश्न विश्वासाचा आहे. जो यांत्रिक हात बिघडलेला उपग्रह दुरुस्त करतो, तोच हात शत्रूचा चालता उपग्रह निकामी करू शकतो. यानाच्या रचनेवरून त्याचा हेतू ओळखता येत नाही. त्यामुळे पूर्वसूचना, पारदर्शकता आणि समान कार्यपद्धती यांना महत्त्व आले आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०२२मध्ये अशा भेटी व सेवांसाठी पहिले मानक प्रसिद्ध केले. तथापि ते बंधनकारक नाही.

भारत

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी६० या प्रक्षेपकाद्वारे स्पेडेक्स मोहीम सोडली. सुमारे २२० किलोग्रॅम वजनाच्या दोन उपग्रहांची जोडणी १६ जानेवारी २०२५ रोजी यशस्वी झाली, १३ मार्च रोजी ते विलग झाले आणि एप्रिलमध्ये पुन्हा जोडले गेले. नंतर एकातून दुसऱ्यात वीज पोहोचवण्याचा प्रयोगही झाला. कक्षेत जोडणी साधलेल्या मोजक्या देशांत त्यामुळे भारताची गणना होऊ लागली. चांद्रयान-४ आणि नियोजित भारतीय अंतराळ स्थानक यांसाठी हे तंत्र आवश्यक आहे, आणि उपग्रह सेवेचा पायाही तेच आहे. भारतीय अवकाश धोरण २०२३ने खासगी उद्योगांना या क्षेत्राची दारे उघडी केली. देशाची अवकाश अर्थव्यवस्था सुमारे ८.४ अब्ज डॉलरवरून २०३३पर्यंत ४४ अब्ज डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट शासनाने ठेवले आहे.

महत्त्व

एकदा सोडलेल्या उपग्रहाला पुन्हा स्पर्श करता येत नाही, या गृहीतावर आजवरची अवकाश अर्थव्यवस्था उभी होती. म्हणूनच उपग्रह महाग, अतिसुरक्षित आणि शेवटी टाकाऊ बनवले गेले. हे गृहीत बदलल्यास उपग्रह जहाजाप्रमाणे किंवा रेल्वे इंजिनाप्रमाणे देखभाल करून वापरण्याची मालमत्ता ठरू शकतो. हे तंत्र साध्य आहे, एवढे एमईव्ही मोहिमांनी सिद्ध केले आहे. त्याचा व्यापक प्रसार मात्र नव्या उपग्रहांच्या रचनेतील समानतेवर आणि राष्ट्रांमधील परस्परविश्वासावर अवलंबून आहे.