हाड ‘बसवणं’: जर्राह, पायाळू आणि अमेरिकेतला कायरोप्रॅक्टर

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे एका नव्या शब्दाची भर पडली आहे, कायरोप्रॅक्टिक. शब्द कोणाला नीट उच्चारता येत नाही, पण प्रकार सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेला असतो. एक माणूस टेबलावर पालथा पडलेला, दुसरा त्याच्या पाठीवर दोन्ही हातांनी झटका देतो, कडाड् आवाज होतो आणि पेशंट हसत उठतो. उमरीच्या मोंढ्यात पोती वाहणाऱ्या हमालापासून दिवसभर फळ्यासमोर उभं राहणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरापर्यंत कंबर सगळ्यांचीच दुखते, त्यामुळे असे व्हिडिओ पुढे पाठवले जाणारच.

त्याबरोबर तीन मतंही फिरतात. आपल्या मोहल्ल्यात म्हणतात, हे तर इब्ने सीनाचं इल्म, गोऱ्यांनी उचललं. दुसरीकडे म्हणतात, ही प्राचीन भारतीय विद्या आहे, नाव तेवढं इंग्रजी. शिकलेल्या मंडळींचं मत एका शब्दाचं असतं: थोतांड. मी उर्दू-मराठीचा मास्तर, डॉक्टर नाही. पण इतिहास वाचला की तिन्ही मतं लंगडी पडतात.

सुरुवात घरापासून करू. मराठवाड्यात पाठीत उसण भरली की जुनी माणसं पायाळू शोधायची. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेला. त्याने पाठीवर हलकी लाथ मारली की उसण जाते, असा समज. यात हिंदू-मुसलमान भेद नव्हता. पायाळू कोणाच्याही घरचा असो, त्याला सकाळी सकाळी बोलावणं यायचं. उसण बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत आपोआपच उतरते, आणि श्रेय पायाळूच्या टाचेला मिळतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे अमेरिकेतही ती भेटणार आहे.

पायाळूच्या वरची पायरी हाडवैद्याची. आपल्या भागात तालमीतले वस्तादही हे काम करत आले, कारण कुस्तीत खांदा निखळणं, बोट मुरगळणं रोजचंच. मोठं दुखणं असेल तर लोक उमरी स्टेशनवरून गाडी धरून हैदराबाद गाठायचे. तिथले हाड जोडणारे पहलवान आजही प्रसिद्ध आहेत. उर्दूत हाड बसवणाऱ्याला एक जुना शब्द आहे, कमानगर. मूळ अर्थ धनुष्य तयार करणारा. लाकूड आणि शिंग वाकवून, ताणून, बांधून कमान करणाऱ्या माणसाच्या हातात हाड देणं लोकांना सोयीचं वाटलं असावं.

याहून मजेदार शब्द आहे ‘जबर’. आपण तो जबरदस्तीतच वापरतो. पण अरबीत त्याचा एक अर्थ मोडलेलं हाड जोडणं, तुटलेलं पूर्ववत करणं असाही आहे. अल्लाहच्या ‘अल-जब्बार’ या नावाचा अर्थ सांगताना आलिम लोक ‘मोडलेल्याला सावरणारा’ हाही अर्थ देतात. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीने समीकरणं सोडवण्याच्या पुस्तकाच्या नावात हाच शब्द वापरला, अल-जबर. मुलांना नकोसा वाटणारा अल्जेब्रा तो हाच. स्पेनमध्ये तर हाडवैद्याला ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणत. १६१५ साली आलेल्या ‘डॉन किहोटे’च्या दुसऱ्या भागात घोड्यावरून पडलेल्या एका पात्राला उपचार करायला असा अल्जेब्रिस्ता येतो.

स्पेनच्याच कुर्तुबा शहराजवळचा अल-जहरावी (मृत्यू १०१३) हा जर्राहीचा, म्हणजे शस्त्रक्रियेचा, मोठा उस्ताद. ‘अत-तसरीफ’ या त्याच्या ग्रंथाचा तिसावा भाग शस्त्रक्रियेवर आहे आणि त्यातला एक मोठा तुकडा मोडलेल्या आणि निखळलेल्या हाडांचा. जुनी पुस्तकं कधी न उघडता हाडं बसवणाऱ्या अडाणी लोकांबद्दल त्याने तिथेच तक्रार केली आहे. इब्ने सीनाने (मृत्यू १०३७) ‘अल-कानून’च्या चौथ्या भागात हाडांचा विचार केला. पाठीचा मणका हलला तर माणसाला ताण देऊन वरून दाब द्यायची रीत त्या परंपरेत आहे, आणि तीही मूळची नाही, ग्रीक हिप्पोक्रेटिसकडून आलेली. म्हणजे ‘आमच्याकडून चोरली’ म्हणायचं असेल तर आधी ग्रीकांचं देणं मान्य करावं लागेल.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. इब्ने सीनाने मणक्याचा इलाज सांगितला तो मणक्याच्या दुखापतीसाठी. ताप, दमा, बहिरेपण मणक्यामुळे होतात असं त्याने सांगितलेलं नाही. त्याच्या तिब्बमध्ये आजाराचं मूळ चार द्रव्यांच्या बिघडलेल्या मिजाजात होतं. आज तेही विज्ञान टिकलेलं नाही, पण कायरोप्रॅक्टिक त्यातून निघालेलं नाही हे निश्चित.

ते निघालं अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट या गावी. डॅनियल डेव्हिड पामर नावाचा माणूस आधी किराणा दुकान चालवायचा, नंतर ‘मॅग्नेटिक हीलर’ झाला, म्हणजे हातातल्या चुंबकशक्तीने बरं करतो म्हणणारा. त्याच्या इमारतीत हार्वी लिलार्ड नावाचा कृष्णवर्णीय सफाई कामगार होता, त्याला सतरा वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. पामरच्या सांगण्यानुसार १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्याने लिलार्डच्या पाठीतला एक मणका झटका देऊन बसवला आणि लिलार्डला ऐकू येऊ लागलं. आता कानाची नस मेंदूतून थेट कानात जाते, पाठीच्या मणक्यातून नाही. हे तेव्हाच्या डॉक्टरांनाही माहीत होतं. पण दावा मात्र चालला. नाव एका पाद्रीने ग्रीक शब्दांवरून जुळवून दिलं, अर्थ साधारण ‘हाताने केलेलं काम’. १८९७ मध्ये पामरने शाळा काढली.

पामर स्वतः कबूल करायचा की मणके बसवणं हजारो वर्षं चालत आलं आहे. त्याचा नवा दावा असा की मणक्याच्या टोकांचा तरफेसारखा उपयोग आपण पहिल्यांदा केला आणि जवळजवळ सगळे आजार, त्याच्या हिशोबाने शंभरातले ९५, सरकलेल्या मणक्यांमुळे होतात. पहिला दावा कारागिराचा, दुसरा पंथ काढणाऱ्याचा. हाडवैद्य आणि कायरोप्रॅक्टर यांच्यातला फरक इथेच आहे. आपला पहलवान मोडलेला हात जोडतो म्हणतो, मधुमेह बरा करतो म्हणत नाही. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल पामर तुरुंगात गेला. पुढे हा धंदा मोठा केला तो त्याच्या मुलाने, बी. जे. पामरने.

एक योगायोग मला नेहमी गंमतीचा वाटतो. लिलार्डच्या त्या प्रसंगानंतर दोन महिन्यांच्या आत, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीत राँटगेनला क्ष-किरण सापडले. मणका खरंच सरकलाय का, हे डोळ्यांनी पाहायची सोय झाली. धाकट्या पामरने १९१० मध्ये एक्स-रे यंत्र आणलंही. पण ज्या सूक्ष्म सरकण्याला ते ‘सबलक्सेशन’ म्हणत, ते सगळ्या रोगांचं मूळ आहे असं आजवर दाखवता आलेलं नाही.

मग ‘थोतांड’ म्हणणारे बरोबर का? तेही पुरते नाहीत. इंग्लंडमध्ये १८६७ साली सर जेम्स पॅजेट या नामांकित सर्जनने हाडवैद्य कोणते पेशंट बरे करतात यावरच व्याख्यान दिलं. त्यांच्या चुका टाळा, पण चांगलं ते शिका, असा त्याचा रोख होता. वेल्समधल्या हाडवैद्यांच्या एका घराण्यातला ह्यू ओवेन थॉमस रीतसर डॉक्टर झाला आणि त्याने मांडीच्या हाडासाठी जी चौकट बनवली, ती थॉमस स्प्लिंट आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांतही वापरात आहे.

आजच्या संशोधनाचं म्हणणंही असंच मध्यावर आहे. २०१९ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात जुनाट कंबरदुखीवरच्या ४७ चाचण्यांचा आढावा आला. मणक्याला हाताने दिलेल्या झटक्यांचा परिणाम व्यायामासारख्या शिफारस केलेल्या इतर उपचारांच्या जवळपास निघाला, चमत्कार नाही आणि शून्यही नाही. दमा, लहान मुलांचं रडणं, बहिरेपण यांवर उपयोग होतो याला मात्र भक्कम पुरावा नाही.

अमेरिकेतल्या कोर्टाचा दाखलाही लोक चुकीचा देतात. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने कायरोप्रॅक्टरांवर बहिष्कार टाकला होता. १९८७ मध्ये कोर्टाने तो बेकायदेशीर ठरवला. ‘कोर्टाने कायरोप्रॅक्टिक सिद्ध केलं’ असं त्यावरून सांगतात. निकाल धंद्यातल्या अडवणुकीबद्दल होता, शास्त्र खरं की खोटं यात कोर्ट पडलंच नाही.

आता त्या कडाड् आवाजाबद्दल, कारण सगळा विश्वास त्यावरच उभा आहे. तो हाड जागेवर बसल्याचा आवाज नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा एकदम ताणला की आतला दाब घटतो आणि वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडात बोटाच्या सांध्याचं चालू एमआरआय चित्रण करून ती पोकळी तयार होताना पाहिली गेली. आपण बोटं मोडतो तेव्हाही हेच होतं, आणि बोट काही जागेवरून हललेलं नसतं. ‘गादी सरकली होती, परत आत ढकलली’ हेही तसंच. मणक्यांमधली गादी साबणाच्या वडीसारखी आत-बाहेर होत नाही. तिचं बाहेर आलेलं टोक बऱ्याचदा काही आठवड्यांत-महिन्यांत शरीरच जिरवतं. पायाळूची टाच आठवते ना?

हसण्यासारखं नाही ते मानेचं. कटिंगच्या दुकानात शेवटी मान दोन्हीकडे मोडून देण्याची पद्धत आपल्याकडे आहे, आणि पोरं ती हौसेने करून घेतात. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. झटक्याने त्यांचा आतला थर फाटला तर गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित घडतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये या संबंधाबद्दल सावध केलं, पण झटक्यामुळेच घडलं हे प्रत्येक वेळी सिद्ध होत नाही असंही सांगितलं. तरी पन्नास रुपयांच्या कटिंगबरोबर ही जोखीम कशाला घ्यायची, हे मला समजत नाही.

आपल्या भागात दुसरा धोका क्षयाचा. टीबी फक्त फुप्फुसाचा नसतो, मणक्यालाही होतो. रात्री वाढणारी पाठदुखी, बारीक ताप, उतरलेलं वजन, पायात मुंग्या असं असेल तर त्या पाठीवर कोणालाही गुडघा ठेवू देऊ नये. पोखरलेला मणका दाबाने खचू शकतो. म्हाताऱ्या बायकांची ठिसूळ हाडं हाही तसाच प्रकार.

आणि शाळेत मी जे पाहतो ते लिहितो. पोरगं कबड्डीत पडतं, कोपर सुजतं, घरचे हाडवैद्याकडे नेतात, तो बांबूच्या पट्ट्या आवळून बांधतो. एका मुलाची बोटं दुसऱ्या दिवशी निळी पडली होती, बाप म्हणत होता, दुखणारच, हाड बसतंय. पट्टी सोडवून त्याला दवाखान्यात न्यायला लावलं, हात वाचला. सगळ्यांचा वाचत नाही. रक्त अडलं की स्नायू मरतात आणि पंजा कायमचा आखडतो. याचं वर्णन जर्मन सर्जन फोल्कमानने १८८१ मध्येच केलं आहे. आणि ज्याच्या नावाने आपण छाती फुगवतो त्या इब्ने सीनाने तर सूज असताना फळ्या लगेच बांधू नका, पाचव्या दिवसानंतर बांधा, असं हजार वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

आपल्याच भाषेतली एक गोष्ट आपण विसरलो आहोत. हैदराबादेत १८४६ मध्ये मेडिकल स्कूल निघालं, तिथे आधुनिक वैद्यक उर्दूतून शिकवलं जायचं. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ आल्यावरही डॉक्टरकी उर्दूतूनच चालली. नांदेड जिल्हा त्याच राज्यात होता. म्हणजे उर्दू बोलणाऱ्याने हाडासाठी पहलवानाकडेच जायचं, अशी काही आपली रीत नाही.

कायद्याचं थोडक्यात. युनानीला भारतात मान्यता आहे. बीयूएमएस ही पदवी आहे आणि मालिश, हिजामा वगैरेंचा समावेश असलेली ‘इलाज-बित-तदबीर’ ही शाखाही. फिजिओथेरपिस्टची पदवी असते. कायरोप्रॅक्टरसाठी मात्र आपल्याकडे स्वतंत्र परिषद नाही, नोंदणी नाही. नावापुढे ‘डॉक्टर’ लावलेलं असलं तर कसली पदवी आहे, हे विचारायचा हक्क पैसे देणाऱ्याला आहे. पुष्कळ हाडवैद्यही आता हात लावण्याआधी ‘एक्स-रे काढून आणा’ म्हणतात. तो फोटो घेऊन आधी विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात दाखवला, तर तिथे केस पेपरचे पैसे फार लागत नाहीत.