कोरडी तुंबडी

तुंबडी लावणे हा शब्दप्रयोग आपणांस परिचित आहे; पण ती लावीत कशी, हे आज थोड्यांसच ठाऊक असेल. रक्त काढण्यासाठी सुश्रुताने शिंग, जळू आणि अलाबू, म्हणजे पोकळ भोपळा, अशी साधने सांगितली. त्वचेवर शस्त्राने ओरखडे काढून, आत दिवा असलेला भोपळा त्यावर पालथा घालावयाचा. शस्त्र वगळले की ती कोरडी तुंबडी.

ग्रीक वैद्य काशाचे पेले वापरीत. पुढे काचेचे आले. पण पेला मांस ओढतो कसा? हवेला वजन असते असे टोरिचेल्लीने १६४४ साली एका पत्रात लिहिले, तेव्हा कोठे उलगडा होऊ लागला. आतली तापलेली हवा निवते, दाब घटतो आणि बाहेरचा दाब मांसाला आत सारतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर जगाने पाहिलेली जांभळी वर्तुळे म्हणजे काही बाहेर निघालेले विष नव्हे. त्वचेखाली साकळलेले रक्तच ते!

वेदना शमते याचा पुरावा आम्हांस तोकडा वाटतो. तरीही लावून घ्यावयाचीच असेल, तर ज्योतीऐवजी हातपंपाचा पेला बरा. भाजणे ही यातली जुनी इजा आहे. जखमेवर ती लावू नये, आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याने तर डॉक्टरांस विचारल्यावाचून मुळीच नाही.