पंचक्रोशीची वाट आणि भैरवाचे वाहन

वाराणसीच्या मणिकर्णिका घाटावर संकल्प करून निघणारी आणि नगराला उजवी घालून तेथेच परतणारी पंचक्रोशी यात्रा सुमारे 80 किलोमीटरांची असून कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर व कपिलधारा हे तिचे पाच मुक्काम होत. अधिक मासात, म्हणजे चांद्र व सौर वर्षांचा मेळ घालणाऱ्या जादा महिन्यात, तिला विशेष गर्दी होते. शेते, झाडी व तळी यांमधून जाणाऱ्या या वाटेची डागडुजी अठराव्या शतकात बंगालमधील नाटोरच्या राणी भवानी यांनी करविली. कंदवा येथील कर्दमेश्वराचे मंदिर मात्र त्याहून पुष्कळ जुने असल्याने, माहात्म्यग्रंथांतील अतिशयोक्तीपेक्षा अभ्यासकाला तेच अधिक भरवशाचे वाटते. ज्या नगराला ही प्रदक्षिणा घातली जाते त्या काशीचा कोतवाल, म्हणजे नगररक्षक, मानलेल्या काळभैरवाचे वाहन कुत्रा असल्यामुळे, स्मृतिग्रंथांनी अशुचि ठरविलेल्या या प्राण्याला येथे भाविक श्रद्धेने खाऊ घालतात. महाराष्ट्रीय यात्रेकरूला यात नवल वाटण्याचे कारण नव्हते, कारण खंडोबाच्या परिवारातही कुत्रा असून खंडोबाचे वाघ्ये, म्हणजे देवाला वाहिलेले उपासक, स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवीत आणि तसे भुंकतही.