कार्बनची सायकल : टिकाऊपणा नेमका कशात असतो?

पेन्सिलीतले शिसे बोटांनी सहज मोडते. हे शिसे म्हणजे ग्रॅफाइट, कार्बनचेच एक रूप. त्याच्याच कुळातल्या धाग्यांपासून आज शर्यतीच्या सायकलींच्या फ्रेम बनतात. एक किलोच्या आसपास वजनाची अशी फ्रेम धडधाकट माणसाला घाटातून भरधाव खाली आणते. या फ्रेमबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, ती पोलादाहून मजबूत आहे. कोणी म्हणतो, ती काचेसारखी फुटते. दोन्ही मतांत तथ्य आहे. ते कसे, हे या पदार्थाच्या इतिहासावरून कळते.

एडिसनने १८७९ साली दिव्यासाठी सुती दोरा जाळून कार्बनची तार केली. ती उजेड देई, पण अतिशय ठिसूळ होती. मजबूत धाग्याचा पत्ता लागला तो १९५८ साली, अमेरिकेतील युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत. रॉजर बेकन हे शास्त्रज्ञ उच्च तापमान व दाबाखाली ग्रॅफाइटचा अभ्यास करीत असताना त्यांना केसाहून बारीक तंतू तयार झालेले आढळले, आणि त्यांची ताणशक्ती पोलादाच्या कितीतरी पट भरली.

असे का व्हावे? ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू षटकोनी जाळीच्या पातळ थरांत बसलेले असतात. थरातल्या थरात बंध अतिशय बळकट, पण दोन थरांमधले बंध दुबळे. पेन्सिलीत हे थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून ती कागदावर उमटते. धाग्यात मात्र थर लांबीच्या दिशेने मांडलेले असतात. धागा ओढला की ताण बळकट बंधांवर येतो.

व्यवहारात उपयोगी पडेल असा धागा जपानमधील अकिओ शिंदो यांच्या कामातून पुढे आला. त्यांनी कच्चा माल म्हणून पॉलिॲक्रिलोनायट्राइल हे बहुवारिक घेतले. १९६०च्या दशकात इंग्लंडमधील फार्नबरो येथे वॉट, फिलिप्स आणि जॉन्सन यांनी हा धागा तापवताना आकसू न देता ताणून धरला. त्यामुळे थर एका दिशेत राहिले आणि बळ वाढले. आजचा साधा कार्बन धागा सुमारे ७ मायक्रोमीटर जाडीचा असतो. त्याचा ताठरपणा पोलादाइतका किंवा थोडा जास्त, पण घनता पोलादाच्या जेमतेम पाव पट.

मात्र नुसत्या धाग्याची फ्रेम होत नाही. धागे इपॉक्सी रेझिनमध्ये बसवून थरावर थर द्यावे लागतात. बळ धाग्याच्या दिशेतच असते. आडव्या दिशेत सगळा भार रेझिनवर पडतो. याचा महागडा धडा विमान उद्योगाला मिळाला. रोल्स-रॉइस कंपनीने आरबी २११ या इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बन धाग्यांची केली होती. १९७० साली पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत आणि कंपनीला टायटॅनियमकडे वळावे लागले. इंजिनाचा खर्च आधीच आवाक्याबाहेर गेला होता. फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. सतत ओढले जाणे आणि एकदम बाजूने ठोका बसणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, हे यातून स्पष्ट झाले.

सायकलींच्या बाबतीत दुखणे निघाले सांध्यांचे. १९७०च्या दशकात अमेरिकेत एक्झॉन या तेलकंपनीने ग्राफटेक नावाची सायकल आणली. तिच्या नळ्या कार्बनच्या आणि सांधे धातूचे होते. पुढे १९८६ साली ग्रेग लेमॉन्डने लूक कंपनीच्या सायकलवर ‘तूर द फ्रान्स’ जिंकली. तिच्याही कार्बन नळ्या ॲल्युमिनियमच्या सांध्यांत चिकटवलेल्या होत्या. आता टॉर्चचा साधा सेल आठवा : कार्बनची कांडी, जस्ताचे कवच आणि मधे क्षार. सायकलच्या सांध्यात जस्ताच्या जागी ॲल्युमिनियम आले आणि क्षार पुरवला घामाने. परिणामी धातू गंजतो, चिकटवलेला जोड सुटतो. नळी शाबूत असूनही फ्रेम निकामी! यावर उपाय म्हणून कार्बन आणि धातू यांच्यामध्ये काचतंतूंचा विद्युतरोधक थर देण्यात येऊ लागला.

दुसरा उपाय म्हणजे धातूचे सांधेच काढून टाकणे. १९८६ च्या सुमारास केस्ट्रेल या अमेरिकी कंपनीने अशी पूर्ण कार्बनची फ्रेम बाजारात आणली. मग प्रश्न उभा राहिला साच्यातल्या कामाचा. थरांमध्ये हवेच्या पोकळ्या राहिल्या तर तडा तिथून सुरू होतो. १९९२ साली ट्रेक कंपनीने आपल्या नव्या पद्धतीला जे नाव दिले, त्याचा अर्थच ‘थर नीट दाबलेले, पोकळ्या कमी’ असा होता.

वजन कमी करण्याची स्पर्धा मात्र चालूच राहिली. अखेर आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २००० सालापासून शर्यतीच्या सायकलचे वजन ६.८ किलोपेक्षा कमी नसावे असा नियम लागू केला. सुरक्षिततेची मानकेही आली. आयएसओ ४२१० या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार शर्यतीच्या सायकलच्या फ्रेमवर पायडलमार्फत ११०० न्यूटनचा, म्हणजे सुमारे ११२ किलो वजनाइतका, भार एक लाख वेळा दिला जातो.

अशा पुनःपुन्हा येणाऱ्या भाराला कार्बन उत्तम तोंड देतो. ॲल्युमिनियम धातूला थकवा येतो, सूक्ष्म तडे वाढत जातात. नीट बनवलेल्या कार्बनच्या फ्रेममध्ये ही अडचण बरीच कमी असते. तिचे भय वेगळे आहे. पोलादाला मार बसला तर पोचा पडतो, तो दिसतो. कार्बनला पोचा पडत नाही; वरचा रंग जसाच्या तसा आणि आतले थर मात्र एकमेकांपासून सुटलेले, असे होऊ शकते.

म्हणून फ्रेम निवडणाऱ्याने केवळ वजनाचा आकडा पाहू नये. दीर्घकाळ वापरायची असेल तर शे-दोनशे ग्रॅम जास्त असलेली, जाड भिंतीची फ्रेम बरी. ती मानकाच्या चाचण्या उतरली आहे का, धातूचे भाग कार्बनपासून विद्युतरोधक थराने वेगळे ठेवले आहेत का, अपघातानंतर दुरुस्तीची सोय आहे का, हे विचारावे. बोल्ट अंदाजाने आवळू नयेत. उत्पादकाने सांगितलेल्या न्यूटन-मीटरइतकेच आवळावेत, कारण बाजूने चेपणे हे धाग्याच्या दुबळ्या दिशेत जाते. जुनी फ्रेम घेताना ती कधी पडली होती का, हा पहिला प्रश्न. नाण्याने हळूच ठोकून पाहिल्यास चांगल्या जागी टणक आवाज येतो, थर सुटलेल्या जागी बद्द. ही चाचणी केवळ प्राथमिक आहे. शंका आली तर स्वनातीत तरंगांची तपासणीच करून घ्यावी, आणि पुढच्या चिमट्याबाबत तर धोका पत्करूच नये.

वर्गात हे दाखवायला कार्बनची गरज नाही. बांबूची कामटी ओढून तोडून पाहा आणि मग तिच्या टोकाला सुरीने हलकेच चीर द्या. ओढून ती तुटत नाही, पण लांबीच्या दिशेने सहज चिरते. मग विद्यार्थ्यांना विचारा : ‘बांबू मजबूत आहे का?’ ‘कोणत्या दिशेने?’ असा उलट प्रश्न एखाद्याने केला, तर त्याला विषय समजला.